देव धाब्यावर

टेनामेंट_१४ | सोमवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसतीच वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. दुपारपासून धो धो चाललंय, झोप लागायची नाही, म्हणून.

आमचं टेनामेंट बडोद्यात समा भागात, विश्वामित्री नदीपासून फार लांब नाही. २०२४ च्या पुराचं सगळ्यांना आठवत असेल. २६ ऑगस्टला जन्माष्टमी. मी सुंठवडा करून ठेवला होता, तो खायला कुणी आलंच नाही. दुसऱ्या दिवशी पाणी फाटकातून आत आलं, रात्री जिन्याच्या चौथ्या पायरीला लागलं. मिस्टर कामावर दहेजला अडकलेले. घरात मी, अकरा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले. सिलिंडर, तांदळाची पिंपं, कागदपत्रांची पिशवी असं जे उचलता आलं ते धाब्यावर नेलं. शेवटी देव भाजीच्या टोपलीत घातले आणि तेही वर नेले. लाईट नाही, फोन मेलेला. बॅटरी मारली तर समोरच्या कंपाउंडच्या भिंतीला लागून ओंडक्यासारखं काहीतरी. मुलगा म्हणाला, आई, ओंडक्याला डोळे आहेत.

सासूबाईंनी दत्ताचं घोरकष्टोद्धरण स्तोत्र सुरू केलं. त्यांना पाठ आहे. मी एरवी दिवा लावते, सणाला नैवेद्य करते, एवढंच. त्या क्षणी मला काही म्हणजे काही आठवेना. रामरक्षा अर्धवट, अथर्वशीर्ष कधीच नीट आलं नाही. तोंडातून आलं ते "शुभं करोति कल्याणम्". लहानपणी आजीसमोर बसून म्हणायचो ते. पहाटेपर्यंत तेच म्हणत होते. मुलाने एकदा विचारलंसुद्धा, "आई, आत्ता कुठे तिन्हीसांज आहे?"

आम्ही वाचलो. दोन दिवसांनी पाणी ओसरलं. चिखल उपसताना मुलगा म्हणाला, "तू सांगितलंस ते देवाने ऐकलं का? मग समोरच्या काकांचं दुकान का बुडालं? ते तर रोज तास तास पूजा करतात." मी म्हटलं, झाडू दे इकडे. ते उत्तर अजून दिलेलं नाही.

त्यानंतर वर्षभर मी देवासमोर धड बसले नाही. आज पाऊस वाढला आणि न ठरवता दिवा लावला. स्वतःचीच लाज वाटली. भीती वाटली की धावायचं, ही कसली भक्ती? की ही भक्ती नाहीच, नुसती घाबरगुंडी? आणि मुलाला काय सांगू?

---

सेवउसळ | रात्री ९:२०

ताई, आधी सांगा आत्ता पाणी कुठवर आहे? बाकीचं नंतर बोलू.

---

टेनामेंट_१४ | रात्री ९:२३

रस्त्यावर घोट्याएवढं. फाटकाच्या आत नाही.

---

सेवउसळ | रात्री ९:२५

मग ठीक. मी देवाचं नाव घेतो त्यापेक्षा जास्त वेळा अजवा तलावाची लेव्हल बघतो. व्हॉट्सॲपवर चार ग्रुप त्याच कामाला ठेवलेत. पावसाळ्यात बडोदेकराचं नित्य स्मरण दोनच ठिकाणचं: अजवा किती, काळा घोडा पुलाशी नदी किती.

बाकी "देव धाब्यावर नेले" वाचून एकटाच हसलो. लोक नियम धाब्यावर बसवतात, तुम्ही देव बसवले.

---

नास्तिक_नाना | रात्री ९:४१

लाज वाटायचं कारण नाही, पण उगाच कोड्यात पडायचंही कारण नाही. माणूस घाबरला की ओळखीचे आवाज काढतो. लहान मूल अंधारात गाणं म्हणतं तसंच. तुमचं मेंदूने केलं, देवाने नाही.

२०१९ च्या ३१ जुलैला मी फतेहगंजात अडकलो होतो. गाडी पाण्यात सोडून दिली आणि कमरेएवढ्या पाण्यातून दोन तास चाललो. कुणाचा धावा केला नाही. एक अनोळखी पोरगा दोरी धरून उभा होता, त्याने ओढून घेतलं. त्याच पुरात एका पोलीस फौजदाराने दीड महिन्याच्या बाळाला प्लॅस्टिकच्या टबात घालून, टब डोक्यावर धरून, गळाभर पाण्यातून बाहेर काढलं. फोटो देशभर गेला. बाळाला वाचवलं ते त्या फौजदाराने. मुलाला हे सांगा.

---

पोळवासी | रात्री ९:५०

नाना, फोटो बघून अख्ख्या गावाला काय आठवलं ते मात्र तुम्ही गाळलंत. वसुदेव! टोपली, बाळ, पूर आणि श्रावण. माझी आई तर टीव्हीला हात जोडून उभी राहिली होती.

---

नास्तिक_नाना | रात्री ९:५४

हात फौजदाराला जोडले असतील तर माझी हरकत नाही.

---

पोळवासी | रात्री ९:५५

तिला फरक कळत नव्हता. मला वाटतं तिचंच बरोबर होतं.

---

कीर्तनकाराचा_नातू | रात्री १०:१८

ताई, तुम्ही ज्याची लाज बाळगताय त्याला गीतेत नाव आहे. सातव्या अध्यायात चार प्रकारचे भक्त सांगितलेत: आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. संकटात हाक मारतो तो आर्त, आणि यादीत त्याचं नाव पहिलं. पुढे ज्ञानी सर्वांत प्रिय असं म्हटलंय खरं, पण लगेच "उदाराः सर्व एवैते" हेही आहे. चौघेही थोरच. भ्यालात म्हणून कुणी तुम्हाला दारातून परत पाठवत नाही.

दुसरी गोष्ट मगरीची. तुमच्या भिंतीशी मगर आली म्हटल्यावर गजेंद्रमोक्ष आठवल्याशिवाय राहवत नाही. भागवताच्या आठव्या स्कंधातली कथा आहे. हत्तीचा पाय मगरीने धरला, तो हजार वर्षं झगडला, सोबतचे हत्ती ओढून ओढून थकले. अगदी उपाय खुंटला तेव्हा त्याने धावा केला. आजोबा कीर्तनात इथे थांबायचे आणि विचारायचे, की हत्तीला स्तोत्र कुठून आलं हो? उत्तर भागवतातच आहे: आदल्या जन्मी तो इंद्रद्युम्न नावाचा राजा होता, तेव्हा शिकलेलं होतं, ते त्या वेळी वर आलं. तुमची आजी, तिन्हीसांज आणि शुभंकरोति हाच तुमचा आदला जन्म. पुराच्या रात्री नवीन काही पाठ होत नसतं.

---

सेवउसळ | रात्री १०:२४

आणि मगरीचं काय झालं? हा प्रश्न बडोदेकरच विचारणार.

---

कीर्तनकाराचा_नातू | रात्री १०:२७

तिचाही उद्धार. ती मुळात हूहू नावाचा गंधर्व होती, शापाने मगर झालेली. दोघेही सुटले.

---

सेवउसळ | रात्री १०:२९

आमच्याकडे हे काम वनखातं करतं. २०२४ च्या त्या दोन-तीन दिवसांत वस्तीतून दोन डझन मगरी पकडून नेल्या. कुणाच्या अंगणातून, कुणाच्या पार्किंगमधून. गंधर्व किती निघाले ते कळलं नाही.

---

लष्करवाली | रात्री १०:४०

मी ग्वाल्हेरची. आमच्याकडे मगरी चंबळेत, घरात नाही, एवढं त्या बाबतीत सुख.

घोरकष्टोद्धरण वाचलं आणि काळजात हललं. टेंबे स्वामींचे पाचच श्लोक. प्रत्येकाच्या शेवटी तीच ओळ, "घोरात्कष्टादुद्धरास्मान्नमस्ते". त्यात "अस्मान्" आहे, "आम्हाला". एकट्याला नाही. माझी आई दवाखान्यात होती तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या बाईंसाठीही तेच म्हणायची. त्या बाई मुसलमान होत्या, त्यांची सून तस्बीह ओढत बसायची. एकमेकींचं सुरू झालं की दोघी आवाज खाली आणायच्या.

ताई, सासूबाई कशा आहेत आता?

---

टेनामेंट_१४ | रात्री १०:४६

छान आहेत. आत्ता हे सगळं त्यांना वाचून दाखवतेय. म्हणाल्या, नानांना सांग, मीही घाबरले होते, पण आवाज मोठा काढला तो पोरासाठी. तो रडायचा थांबला.

---

गुरुवारची_खिचडी | रात्री ११:०२

अवांतर आहे, पण बडोद्याचा धागा आहे म्हणून चालवून घ्या. आमच्या घरी संकटात दत्तबावनी. रंग अवधूत महाराज गोध्र्यात जन्मले (१८९८), मराठी घरातले, टेंबे स्वामींच्या परंपरेतले. त्यांनी १९३५ मध्ये लिहिली ती गुजरातीत. बावन्न ओळी. बावन्न गुरुवार बावन्न पाठ करायचा प्रघात आहे. माझी आजी मूळची पुण्याची. तिला पन्नास वर्षं इथे राहून गुजराती भाजीवाल्याशी भाव करता आला नाही, पण बावनी मात्र एक अक्षर न चुकता. नारेश्वरला नर्मदेच्या काठी बसून म्हणायची तेव्हा आजूबाजूचे पटेल आजोबा विचारायचे, बा, तमे क्यांना? आजी म्हणायची, सदाशिव पेठ.

मूळ प्रश्नाबद्दल: मी एकदा नवस बोलले होते. मुलाचा व्हिसा अडकला होता तेव्हा एकशे एक मोदक. व्हिसा आला, मोदक एकवीसच झाले. ऐंशी उधार आहेत. तेव्हापासून विमान थोडं जरी हललं तरी मला ते ऐंशी आठवतात. आता ही भक्ती म्हणायची की कर्ज?

---

सेवउसळ | रात्री ११:०५

व्याज धरून आता दोनशे तरी झाले असतील. पत्ता पाठवा, वसुलीला येतो.

---

मुक्काम_अकोटा | रात्री ११:३१

हसून घ्या, पण मला थोडं वेगळं लिहायचंय. लिहावं की नाही असं तासभर चाललं होतं.

२०२१ चा एप्रिल. माझा धाकटा भाऊ, वय ३८. चौदा दिवस दवाखान्यात. मी बाहेर पार्किंगमध्ये गाडीत बसून असायचो, आत जाऊ देत नव्हते. ऑक्सिजनचा आकडा सांगायला संध्याकाळी एकदा फोन यायचा. ७८, ८१, ७४. फोन येईपर्यंत मी जप करायचो. आयुष्यात इतक्या मनापासून काही केलं नव्हतं, अजिबात घाबरगुंडी नव्हती ती. पंधराव्या दिवशी फोन सकाळीच आला.

त्यामुळे "हाक मारली आणि वाचलो" अशा गोष्टी वाचल्या की मी धागा बंद करतो. हाक मीही मारली होती. गजेंद्राचा पाय सुटला, माझ्या भावाचा नाही सुटला. कीर्तनकारांच्या नातवाचं पांडित्य मान्य, पण त्या पार्किंगमध्ये ते कुणाच्या उपयोगाचं नव्हतं.

घरी आल्यावर मी देवघरातला दत्ताचा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर सरळ. मी पुन्हा फिरवला. पुन्हा सरळ. आई काही बोलली नाही, मीही नाही. आठ-नऊ महिने हे चाललं. मी सकाळी फिरवायचो, ती दुपारी सरळ करायची.

---

कीर्तनकाराचा_नातू | रात्री ११:४४

तुमचं बरोबर आहे. मी श्लोक फार पटकन काढला. माफ करा.

---

नास्तिक_नाना | रात्री ११:५२

अकोटा, तुमचं वाचून माझा आधीचा प्रतिसाद मलाच जरा शहाणपणाचा वाटला. म्हणजे वाईट अर्थाने. मग फोटोचं काय झालं?

---

मुक्काम_अकोटा | रात्री १२:०३

एक दिवस मी फिरवायचा विसरलो. आईने संध्याकाळी विचारलं, "आज बरं नाही का तुला?" इतकंच. तेव्हापासून सरळ आहे. मी नमस्कार करतो असं नाही, पण आता फिरवत नाही.

---

लष्करवाली | रात्री १२:०९

तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा.

---

आजोबा_७८ | मंगळवार, पहाटे ५:१०

सुप्रभात. म्हाताऱ्यांना झोप येत नाही, म्हणून एवढं सगळं वाचून काढलं. चुका सुधारून घ्या, बोट मोठं आणि अक्षरं लहान.

१९७१ च्या डिसेंबरात मी पंचविशीच्या आतला होतो. कोयलीला रिफायनरी असल्याने बडोद्यात धाकधूक होतीच. काचांना काळे कागद लावायचे, बिडीसुद्धा ओंजळीत पेटवायची. दांडिया बाजारात आमच्या वाड्यात पाच बिऱ्हाडं. भोंगा वाजला की सगळे जिन्याखाली. तिथे दिवा नाही म्हणून पोथी वाचता यायची नाही. ज्याला जे येईल ते म्हणायचं. एक काका गाथेतले अभंग म्हणायचे. त्यांचा ठरलेला अभंग "बरें झालें देवा निघालें दिवाळें, बरी या दुष्काळें पीडा केली".

मला तेव्हा तो अभंग अजिबात आवडायचा नाही. बरें झालें काय? मग पुढे कळलं, १६३० च्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको अन्नान्न करत गेली, धंदा बुडाला, त्यानंतरचा तो माणूस बोलतोय. आमच्या या गुजरातेतही त्या दुष्काळाने हाहाकार केला होता. अकोटावाले, त्याने देवाला हाक मारली म्हणून बायको वाचली असं तुकोबा कुठेच म्हणत नाही. वाचली नाहीच. तरी तो देवाशीच बोलत राहिला. भांडला, शिव्या दिल्या, पण बोलणं टाकलं नाही. तुमचं फोटो फिरवणं मला त्याच जातीचं वाटतं. ज्याच्याशी संबंध संपला त्याचा फोटो रोज सकाळी आठवणीने कोण फिरवतं?

जिन्याखाली भीती जायची का? नाही. पण पाच बिऱ्हाडांची एकच भीती व्हायची, आणि वाट्याला थोडी यायची.

---

नास्तिक_नाना | सकाळी ७:२०

आजोबा, शेवटची ओळ मला मान्य. देव न मानताही मान्य आहे, हे नोंदवून ठेवतो.

---

आजोबा_७८ | सकाळी ७:२६

नोंदवा. जिन्याखाली एक कम्युनिस्ट पण असायचा. टाळ तोच उत्तम धरायचा.

---

पोळवासी | सकाळी ८:०५

एक मजा सांगतो. विश्वामित्री उगम पावते पावागडाला. म्हणजे महाकालीच्या पायथ्यापासून निघालेली नदी आपल्या घरात शिरते, आणि आपण महाकालीलाच सांगतो, आई, वाचव! मध्ये अजवा. सयाजीराव महाराजांनी शहराला प्यायला पाणी मिळावं म्हणून बांधलेला तलाव, त्याचंच पावसाळ्यात भय. ज्याच्यापासून वाचायचं त्याच्याच जवळ जायचं, याची बडोद्याला सवय आहे.

---

गुरुवारची_खिचडी | सकाळी ८:३०

हे कीर्तनात घ्या कुणीतरी.

आणि धागा भरकटतोय. ताईंच्या मुलाचा प्रश्न तसाच राहिला. काकांचं दुकान का बुडालं?

---

सेवउसळ | सकाळी ८:३४

दुकान खोलगट भागात होतं म्हणून. मी गंमत करत नाहीये. आमच्या बाबांनी मला हेच सांगितलं होतं, २००५ च्या पुरानंतर. पाण्याला पूजा कळत नाही, उतार कळतो.

---

कीर्तनकाराचा_नातू | सकाळी ८:५०

हेच उत्तर द्या, ताई. श्लोक काढत नाही आता. पाणी उतार बघतं, हे खरंच सांगा मुलाला. देवाने काकांना शिक्षा केली असं त्याच्या डोक्यात राहायला नको. आपण वाचलो म्हणजे आपली भक्ती मोठी, असंही नको.

---

टेनामेंट_१४ | सकाळी १०:१५

रात्रीत पाणी वाढलं नाही. सगळं सकाळी वाचलं, अकोटादादांचं दोनदा.

मुलाला विचारलं, तुला तो प्रश्न आठवतो का? म्हणाला, कुठला? मी आठवण करून दिली. पाणी उतार बघतं हे सांगितल्यावर म्हणाला, "ते मला माहितीये, आम्हाला भूगोलात आहे." मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाला, "पण तू शुभंकरोति म्हणत होतीस ना, तेव्हा मी मोजत होतो. चारशे अकरापर्यंत मोजलं, मग झोपलो."

मला हे माहीतच नव्हतं. मला वाटत होतं तो भीतीने जागा आहे.

समोरचे काका परवाच भेटले होते, हे काल लिहायचं राहिलं. दुकान पुन्हा उघडलंय, या वेळी चार फूट उंच जोतं घेऊन. पूजा तशीच तास तास. मी धीर करून विचारलं, राग नाही आला? तर म्हणाले, "बेन, गुस्सो तो आव्यो. पण सवारे छ वाग्ये बीजे क्यां जाउं?" सकाळी सहाला दुसरीकडे कुठे जाऊ, म्हणे.

---

लष्करवाली | सकाळी १०:२२

चारशे अकरा!

---

मुक्काम_अकोटा | सकाळी १०:४०

मोजत होता. बरं वाटलं वाचून.

पाऊस पुन्हा धरलाय, अजवा वाढतोय असं ग्रुपवर आलंय. मी सुट्टीवर आहे, माझ्याकडे टेम्पो आहे. समा भागात कुणाच्या सासूबाईंना हलवायचं असेल तर आत्ता सांगा, पाणी आल्यावर नको.

---

नास्तिक_नाना | सकाळी १०:४४

माझा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट रिकामाच असतो, कारेलीबागेत, लिफ्ट आहे. गुडघ्यांना बरं. देवघर नाही, पण एक कोनाडा आहे.

---

टेनामेंट_१४ | सकाळी १०:५८

सासूबाई तयार झाल्या, टोपली भरून बसल्यात. विचारतायत, नानांना उदबत्तीचा त्रास होतो का?

---

नास्तिक_नाना | सकाळी ११:०१

खिडकी उघडी ठेवतो.

---

सेवउसळ | सकाळी ११:०३

सगळे देवाच्याच टोपलीत गुंतलेत. गव्हाचं पिंप अजून खालीच असेल. उचलायला मी येतोय, चहा टाका.